किल्पेकचा कुत्रा आणि ससा: एक कॉर्बेल घडवतानाच्या नोंदी

किल्पेक हे इंग्लंडमधल्या हेरिफर्डशायरचं, वेल्सच्या हद्दीजवळचं छोटं खेडं. तिथलं सेंट मेरी आणि सेंट डेव्हिडचं चर्च ११४० च्या सुमाराचं, म्हणजे गोल कमानींच्या रोमनेस्क शैलीच्या काळातलं. इंग्लंडात याच शैलीला नॉर्मन म्हणतात. छपराच्या कडेखाली भिंतीतून बाहेर आलेले आधाराचे कोरीव दगड, म्हणजे कॉर्बेल, या चर्चला चहूबाजूंनी आहेत. त्यातला एकमेकांना खेटून बसलेल्या कुत्र्या-सशाचा दगड मी लाल वालुकाश्मात घडवायला घेतला आहे. मी हेरिफर्डला राहते, नोकरी सांभाळून सुट्टीच्या दिवशी काम करते. दगडकामाचं प्राथमिक शिक्षण इथल्याच एका वर्गात घेतलं. कुणाला असंच काही करायचं असेल तर उपयोग व्हावा म्हणून या नोंदी ठेवते आहे.

६ एप्रिल २०२४

हेरिफर्डहून ॲबरगाव्हेनीच्या रस्त्याने वीसेक मिनिटांत किल्पेकचा फाटा लागतो. आज फक्त बघायचं ठरवलं होतं.

चर्चचा आराखडा अगदी सोपा आहे. लोकांनी बसायचा लांबट भाग म्हणजे नेव्ह, त्याला लागून पुजाऱ्यांचा भाग म्हणजे चॅन्सल आणि शेवटी अर्धगोल ॲप्स. पुढचा प्रत्येक भाग आधीच्यापेक्षा अरुंद आणि ठेंगणा. त्या काळी अशी चर्चं खूप बांधली गेली, पण बहुतेकांना पुढच्या शतकांत बाजूच्या ओवऱ्या, मोठ्या खिडक्या, बुरूज जोडले गेले. इथे तसं झालं नाही. १४ व्या शतकानंतर हा मुलूख गरीब होत गेला. चर्च वाढवायला पैसा लागतो, आणि तो इथे आलाच नाही. पश्चिम टोकावरची घंटांची छोटी चौकट १९ व्या शतकातली. १८६४, १८९८ आणि १९६२ मध्ये मोठ्या दुरुस्त्या झाल्या, तरी मूळ सांगाडा आणि कोरीवकाम जागच्या जागी आहे.

चर्चच्या पश्चिमेला लागूनच किल्ल्याची मातीची टेकडी आहे, वर दगडी भिंतीचे दोन-चार तुकडे. १०८६ च्या डोम्सडे नोंदीत, म्हणजे राजाने करवलेल्या जमिनींच्या पाहणीत, हे गाव विल्यम फिट्झ नॉर्मनकडे होतं. ११३४ मध्ये त्याच्या घराण्यातल्या ह्यूने इथलं चर्च ग्लॉस्टरच्या मठाला दिलं. आज दिसणारं चर्च त्यानंतर थोड्याच वर्षांत उभं राहिलं. नेव्हच्या ईशान्य कोपऱ्यात आणखी जुन्या, नॉर्मनांच्या आधीच्या भिंतीचा थोडा भाग दाखवतात.

कॉर्बेल किती? जॉर्ज रॉबर्ट लुईस या चित्रकाराने १८४२ मध्ये चर्चची पाहणी केली तेव्हा ९१ नोंदले होते. आज ८५ आहेत.

एक महत्त्वाचं: हे पहिल्या श्रेणीचं संरक्षित बांधकाम आहे, आणि इथे आजही प्रार्थना होते. शिडी लावणं, दगडावर माती किंवा प्लास्टर दाबून ठसा घेणं, यातलं काहीही चालत नाही. जे काम करायचं ते जमिनीवर उभं राहून, डोळ्यांनी आणि कॅमेऱ्याने.

१४ एप्रिल

फोटो काढले आणि जवळजवळ सगळे वाया गेले. भिंतीच्या पायथ्याशी उभं राहून वर कॅमेरा धरला की तोंडं बुटकी दिसतात, हनुवटी मोठी होते आणि कान जवळपास नाहीसे होतात. मोबाइलने भोवती फिरून त्रिमिती नमुनाही करून पाहिला. खालचा भाग छान आला, वरच्या बाजूला मात्र भोक पडलं, कारण वरची बाजू कुठल्याच फोटोत नव्हती.

उपाय साधा निघाला. लांब भिंगाचा कॅमेरा उसना आणला, चर्चच्या आवाराच्या कुंपणापर्यंत मागे गेले आणि तिथून फोटो घेतले. जितकं मागे जाल तितका वर बघायचा कोन कमी होतो. वेळही महत्त्वाची आहे. ढगाळ प्रकाशात कोरीवकाम सपाट दिसतं. ऊन भिंतीला घासून जातं त्या वेळी प्रत्येक खाच सावली धरते. असं ऊन फार थोडा वेळ टिकतं, म्हणून कॅमेरा तिकाटण्यावर आधीच लावून बसावं.

येताना टेकडीवर चढले. तिथून पश्चिमेची भिंत जवळपास समोरासमोर दिसते. गोल कमानीची मोठी खिडकी, तिच्या खांबांवर वेणीसारखी गुंफण, आणि भिंतीतून पुढे आलेली ड्रॅगनची आ वासलेली डोकी. एवढा पुढे आलेला दगड जवळपास नऊशे वर्षं पाऊस आणि हिम झेलून टिकला आहे, हे बघून मला माझ्या दगडाची काळजी वाटायला लागली. तो टिकेल असा निवडायला हवा.

२१ एप्रिल

आधी मातीत नमुना केला. जुन्या फोटोंवरून करायला घेतला आणि तो बसका झाला, दोघंही बेडकासारखे. मोडला. नव्या फोटोंवरून पुन्हा केला.

इथे एक युक्ती सापडली, ती सांगून ठेवते. मूळ दगडाची मापं मिळवायच्या मागे लागू नका. मातीचा नमुना उंच कपाटावर ठेवा, मूळ फोटो ज्या कोनातून काढला त्याच कोनातून नमुन्याचा फोटो काढा आणि दोन्ही शेजारी ठेवून बघा. कुठे चुकतंय ते लगेच कळतं. माझ्या नमुन्यात कुत्र्याचं कपाळ फार उभं होतं. मूळ दगडात कपाळ पुढे झुकलेलं आहे आणि दोन्ही तोंडं खाली, बघणाऱ्याकडे वळलेली आहेत.

माप मूळचंच हवं हा आग्रह सोडला. दगड मिळेल त्यात प्रमाण सांभाळायचं.

४ मे

दगड आणला. २०० × २५० × ३५० मिलिमीटरचा ठोकळा, लाल वालुकाश्म, एका दगडविक्रेत्याच्या आवारातल्या उरलेल्या मालातला. ४५ पौंड. वजन ४० किलोच्या आसपास. दोघांनी उचलावा, एकटीने नाही.

रात्री अण्णांना व्हिडिओ कॉल लावला. आमचे अण्णा साताऱ्याकडे आयुष्यभर काळ्या दगडाची कामं घेत आले. त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो हाच, "वाजवून बघितलास का?"

"नाही अण्णा, आधी पैसे दिले."

"मग आता बघ. हातोडीने हलकं ठोक. खणखणीत वाजला तर अखंड. बद्द वाजला तर आत भेग आहे."

खणखणीत वाजला. दोघांनाही बरं वाटलं.

१२ मे

हत्यारं: टंगस्टनच्या टोकाच्या छिन्न्या, त्यात एक टोकदार, एक दातेरी, एक रुंद आणि एक अरुंद. सगळ्या मिळून ९६ पौंड. साध्या पोलादी छिन्न्या वालुकाश्मावर फार लवकर बोथट होतात, कारण हा दगड म्हणजे एकमेकांना चिकटलेली वाळूच. हातोडी घरची होती. नायलॉनचा गोल डोक्याचा ठोकणा १८ पौंडांना.

आता धुळीबद्दल. हे वाचून कुणी काम सुरू करणार असेल तर बाकी सगळं विसरलं तरी चालेल, हे विसरू नका. वालुकाश्मात साधारण ७० ते ९० टक्के सिलिका असते. तिची बारीक धूळ फुप्फुसात बसते आणि परत निघत नाही, सिलिकोसिस होतो. ब्रिटनमध्ये कामाच्या जागी हवेतल्या अशा धुळीची मर्यादा घनमीटरला ०.१ मिलिग्रॅम आहे, म्हणजे डोळ्यांना दिसणारही नाही इतकी. कापडी मास्क बांधून काही होत नाही. एफएफपी ३ दर्जाचा, चेहऱ्याला घट्ट बसणारा मास्क लागतो. काम उघड्यावर करायचं, वारा पाठीमागून घ्यायचा, भुगा कोरड्या झाडूने झाडायचा नाही, पाणी मारून गोळा करायचा. कामाचे कपडे घरात आणायचे नाहीत. आपल्याकडचे कितीतरी पाथरवट आणि खाणकामगार या आजाराने गेले आहेत. अण्णांच्या हाताखालची माणसं तोंडाला रुमाल बांधून काम करायची, आणि त्यांचा खोकला मी लहानपणी ऐकला आहे. मास्कला काटकसर करू नका.

२५ मे

ठोकळ्याच्या दर्शनी बाजूवर आकार काढला. बाजूंवरही रेषा काढल्या, कारण एकाच बाजूची रेषा धरून खोल गेलं की मागचा तोल सुटतो. टोकदार छिन्नीने नको असलेला दगड काढायला सुरुवात केली. दोन डोक्यांमधली खाच, कुत्र्याच्या मुस्काटाखालची पोकळी.

दुपारी मुस्काट गेलं. फार जोराचा घाव नव्हता. टपकन आवाज आला आणि बोटभर जाडीची चकती सरळ सुटून खाली पडली. तुटलेला पृष्ठभाग इतका सपाट की करवतीने कापल्यासारखा. उन्हात धरला तर बारीक अभ्रकाचे कण चमकत होते.

२६ मे

काल रात्री वर्गातल्या शिक्षकांना फोटो पाठवला. त्यांनी बघताक्षणी ओळखलं: दगडाचे थर उभे, दर्शनी बाजूला समांतर होते.

वालुकाश्म पाण्याने आणलेल्या वाळूच्या थरांनी बनतो. इथला लाल दगड सुमारे चाळीस कोटी वर्षांपूर्वीच्या नद्यांनी रचलेला, आणि लाली त्यातल्या लोखंडाची. थरांमध्ये अभ्रक साचलेलं असतं. तिथे पकड कमी. थर दर्शनी बाजूला समांतर ठेवला तर कोरीवकाम पत्त्यांच्या जुडीसारखं पान पान सुटतं. घाव घालताना नाही सुटलं तर पुढे पावसा-हिमाने सुटतं. भिंतीतला दगड खाणीत जसा आडवा पडला होता तसाच आडवा ठेवायचा, म्हणजे वरचं वजन थरांना दाबून धरतं. याला अपवाद आहेत. कॉर्निसचे, म्हणजे भिंतीच्या माथ्यावरच्या कंगोऱ्याचे, लांब पुढे आलेले दगड थर उभे आणि भिंतीशी काटकोनात ठेवून बसवतात, नाहीतर खालचे अधांतरी थर गळून पडतात. कॉर्बेलवर मात्र वजन येतं, म्हणून मी आडवे थर धरायचं ठरवलं आहे.

अण्णांना सांगितलं. त्यांना थरांची गोष्टच नवी होती. सह्याद्रीचा काळा दगड म्हणजे बसाल्ट, थिजलेला लाव्हा. त्याला असे वाळूचे थर नसतात. त्यात भेग बघायची, पोकळ्या बघायच्या, पण कुठली बाजू वर हा प्रश्न पाथरवटाला पडत नाही. त्यांनी माझ्याकडून तो तुटका तुकडा पुन्हा पुन्हा कॅमेऱ्यासमोर धरून घेतला. "वाजला खणखणीत आणि निघाला असा," म्हणाले. ठोकून बघितल्याने भेग कळते, थर कळत नाही.

चिकटवायचा विचार केला नाही. रेझिनने मुस्काट बसेल, पण थर तसेच उभे राहतील.

८ जून

दुसरा ठोकळा. या वेळी एका चालू खाणीच्या आवारातून, ६० पौंड. खाणीत कापतानाच थरांची दिशा रंगीत खडूने लिहितात. तुम्ही घ्याल त्या दगडावर ती खूण नसेल तर दगड भिजवा आणि सुकताना बघा. थरांच्या रेषा थोडा वेळ उमटतात. अभ्रकाची चमक कुठल्या बाजूला जास्त आहे तेही बघा. ती बाजू वर किंवा खाली जायला हवी.

हा दगड ताजा, ओलसर आहे. खाणीतलं पाणी आत असेपर्यंत वालुकाश्म मऊ असतो, सुकला की पृष्ठभाग कडक होतो. आधीचा ठोकळा आवारात किती वर्षं पडून होता कोण जाणे, पण दोघांतला फरक पहिल्या घावातच हाताला कळला. आता थांबायचं नाही, ओल आहे तोवर मोठं काम उरकायचं. रात्री ओल्या पोत्याखाली झाकून ठेवते.

२२ जून

पाऊस. काम बंद, म्हणून शॉब्डनला गेले. किल्पेक घडवणाऱ्या पाथरवटांची शैली या परगण्यात बऱ्याच ठिकाणी दिसते: अर्डिस्ली आणि कासल फ्रोमचे बाप्तिस्म्याचे दगडी कुंड, ब्रिन्सप आणि स्ट्रेटन शुगसचे कमानीतले कोरीव दगड. अभ्यासक या सगळ्यांना मिळून हेरिफर्डशायर घराणं म्हणतात. त्यातलं शॉब्डनचं चर्च सुरुवातीच्या कामांपैकी एक. ते ऑलिव्हर द मर्लिमंड याने बांधवलं, एका सरदाराच्या कारभाऱ्याने. तो स्पेनमधल्या सांतियागो द कॉम्पोस्तेलाची यात्रा करून आला होता. वाटेवरच्या फ्रान्समधल्या चर्चची कॉर्बेल, चोचीवाली तोंडं, खांबांवर चढवलेल्या आकृत्या या सगळ्याची छाप इथे दिसते, ती या यात्रेतून आली असावी असा कयास आहे.

१७५० च्या दशकात शॉब्डनचं जुनं चर्च पाडून नव्या फॅशनचं बांधलं. जुन्या कोरीव कमानी तेवढ्या उचलून जवळच्या टेकाडावर, झाडांच्या ओळीच्या शेवटी शोभेसाठी उभ्या केल्या. वर छप्पर नाही.

मी तिथे बराच वेळ उभी होते. खांबांवर वेलबुट्टी होती हे कळतं. माणसं होती हेही कळतं. पण चेहरे गेले आहेत, हात गेले आहेत. त्याच घराण्यातले पाथरवट, तोच काळ, आणि पावणेतीनशे वर्षांचा उघडा पाऊस. किल्पेकचे कॉर्बेल छपराच्या कडेखाली आहेत, वरून पाणी त्यांच्या अंगावर वाहत नाही. तिथला दक्षिण दरवाजा १८६८ पर्यंत लाकडी पडवीखाली झाकलेला होता. चांगलं कोरीवकाम टिकलं ते त्याच्यावरच्या छपरामुळे. दुरुस्तीला पैसे मागणारी मंडळी छपराचं नाव आधी का घेतात, ते आज डोळ्यांनी बघितलं, आणि त्या कमानींचा हा हाल बघून मला मनापासून वाईट वाटलं.

६ जुलै

दातेरी छिन्नीने दोन्ही डोकी गोलाईला आणली. एक नियम आता हातात बसायला लागला आहे: ठोकळ्यापासून काहीही सुटं करायचं नाही. सशाचे कान उभे आहेत, पण मागच्या दगडाला चिकटून. कुत्र्याचे कान लोंबते, पण गालाला चिकटून. पंजे छातीला चिकटून. मूळ पाथरवटाने दगड फार थोडा काढला आहे. खोल सावली हवी तिथेच तो आत गेला आहे. मी नमुन्यात कानामागे पोकळी केली होती, ती दगडात करायची नाही असं ठरवलं.

आकृती ठोकळ्यात इतकी पुरेपूर बसते की हे दगड भिंतीत बसवण्याआधी खालीच, ठेवणीवर, म्हणजे दगड ठेवून घडवायच्या ओट्यावर, घडवले असणार असं मला वाटतं. वर चढून, पाळण्यावर बसून एवढं नेमकं काम करायची गरजच काय?

१३ जुलै

कामाची मोठी अडचण आज सुटली. ठेवणीवर, कमरेच्या उंचीला, दोन्ही तोंडं छान दिसत होती. पायऱ्यांवर विटा रचून ठोकळा डोक्याच्या वर नेला (नवरा आणि शेजारी दोघांनी उचलला) आणि खालून पाहिलं. कुत्र्याचे डोळे भुवईखाली गडप. सशाचं तोंड नुसता गोळा.

खाली आणून भुवयांचा कंगोरा उतरवला, डोळ्यांची पातळी पुढे घेतली, कपाळं आणखी झुकवली. आता ठेवणीवर बघताना तोंडं विचित्र दिसतात, पुढे पडल्यासारखी. खालून बघताना मात्र ती आपल्याकडे बघतात. किल्पेकची ८५ तोंडं अशी जिवंत का वाटतात याचं निम्मं उत्तर इथे आहे असं माझं मत झालं. घडवणाऱ्याच्या मनात सतत खाली उभा असलेला माणूस होता.

यापुढे रोज काम संपताना दगड वर नेऊन बघायचा. जमत नसेल तर स्वतः जमिनीवर पडून बघायचं. उचलण्यापेक्षा ते सोपं आहे.

२८ जुलै

डोळे. मोठे, गोल, भोवती खाच. कंपासाने वर्तुळ काढलं, अरुंद छिन्नीने खाच घेतली. कडेचे कण उपटून येत होते आणि रेषा कुरतडल्यासारखी झाली. छिन्नी उभी धरली की असं होतं. जवळजवळ आडवी धरून, अगदी हलक्या घावांनी, वर्तुळाच्या आतून बाहेर न जाता कडेकडेने फिरवली तर जमतं. शेवटी कार्बोरंडमच्या, म्हणजे घासायच्या कठीण दगडाच्या, तुकड्याने पाणी लावून घासलं. एका डोळ्याची कड थोडी उडाली आहे. ती सारखी करायला गेले तर डोळा मोठा होत जाईल, म्हणून तशीच सोडली.

१० ऑगस्ट

मूळ डोळे पुन्हा बघायला किल्पेकला. दुर्बीण घेऊन गेले. मूळ खाच माझ्यापेक्षा बरीच खोल आहे.

दक्षिण दरवाज्याशीच बहुतेक वेळ गेला. आता हाताने काम केल्यावर तो वेगळाच दिसायला लागला. बाहेरच्या खांबांवर एकमेकांची शेपटी गिळणारे साप, आतल्या डाव्या खांबावर वेलीत गुंतलेले सैल विजारीतले दोन योद्धे, उजवीकडे वर तोंडातून पानं फुटलेला चेहरा. कमानीखालच्या अर्धगोलात जीवनवृक्ष. कमानीचे दगड बघा: चोचीची तोंडं एकेका दगडावर एकेक घडवली आहेत. म्हणजे प्रत्येक पाथरवटाला आपापला दगड नेऊन वेगळं बसता येतं आणि नंतर सगळे मिळून कमान पुरी होते. काम वाटून देण्याची ही पद्धत मला फार आवडली.

आत चॅन्सलच्या कमानीला दोन्ही बाजूंना एकावर एक अशा तीन-तीन उभ्या आकृत्या आहेत. सांतियागोच्या चर्चच्या दक्षिण दाराशी त्यांचं साम्य दाखवतात. बाहेरच्या धसमुसळ्या प्राण्यांच्या मानाने ही माणसं शांत, लांबट, अंगरख्याच्या चुण्या समांतर रेषांनी काढलेल्या. ॲप्सचं छत दगडी बरगड्यांचं आहे, बरगड्यांवर नागमोडी नक्षी.

बाहेर ॲप्सच्या बाजूला शीला-ना-गिग आहे, दोन्ही हातांनी आपली योनी उघडून दाखवणारी बाई. मराठी माणसाला बघताक्षणी लज्जागौरी आठवते. दोघींचा काही संबंध असल्याचा पुरावा नाही, तेव्हा तो जोडायला जाऊ नये. पण एका ख्रिस्ती गावदेवळाच्या भिंतीवर ती जवळपास नऊशे वर्षं कुणी फोडली नाही, १७ व्या शतकातल्या प्युरिटनांनीही, म्हणजे चर्चमधल्या मूर्ती-चित्रांना विरोध करणाऱ्या कडव्या ख्रिस्ती पंथाने, नाही, याचं मला खूप मोल वाटतं.

३१ ऑगस्ट

डोळ्यांच्या खाचा खोल केल्या. सशाचे कान पुरे. अंगावरचे दातेरी छिन्नीचे घाव मुद्दाम ठेवले नाहीत आणि पुसूनही टाकले नाहीत. तोंडं घासली, बाजू तशाच ठेवल्या. नवा दगड गुलाबीसर दिसतो. जुना दिसावा म्हणून चहा, दही असं काही लावू नका. दगड आपोआप काळवंडेल.

१४ सप्टेंबर

बागेच्या कोपऱ्यातल्या दोन विटांच्या खांबांमध्ये तो बसवायचा आहे. आज सुका बसवून पाहिला. ठोकळ्याचा मागचा, न कोरलेला भाग म्हणजे शेपटी. ती भिंतीत जाते. नुसता ठेवला तेव्हा तोल नीट राहिला. पुढे आलेल्या भागावर फरशी ठेवली तशी शेपटी वर उचलली गेली आणि सगळं पुढे कलंडायला लागलं. खाली लाकडी टेकू दिला होता म्हणून तोंड वाचलं. टेकू न देता असली परीक्षा करू नका.

शेपटीवर दोन वजनदार दगड ठेवल्यावर ढिम्म हललं नाही. चर्चमध्ये हेच काम वरची भिंत आणि छपराचं वजन करतं. कुत्रा-ससा दिसतो तेवढाच दगड नसतो, त्याचा मोठा भाग भिंतीच्या आत दबलेला असतो. फोटो बघून कॉर्बेल करायला घेणारे बहुतेक जण शेपटी आखूड ठेवतात. निदान पुढे येणाऱ्या भागाहून लांब ठेवा.

२१ सप्टेंबर

चुन्याने बसवला. सिमेंट नाही. सिमेंटचा सांधा या दगडापेक्षा कडक आणि घट्ट असतो. ओल सांध्यातून बाहेर पडायच्या ऐवजी दगडातून पडते, हिवाळ्यात तिथेच गोठते आणि दगडाचे टवके उडतात. हेरिफर्डशायरमधल्या जुन्या भिंतींवर हे जागोजाग दिसतं: सांधा शाबूत, दगड खचलेला. पाण्यात घट्ट होणारा नैसर्गिक चुना, एनएचएल ३.५, एक पोतं १६ पौंड, आणि त्याच्या तिप्पट वाळू, जाड दाण्याची. बसवण्याआधी दगड आणि विटा दोन्ही भिजवा, नाहीतर ते चुन्यातलं पाणी ओढून घेतात. पाच अंशांखाली थंडी जाणार असेल तर हे काम काढू नका. आता पुढचे काही दिवस ओलं पोतं वर टाकून ठेवायचं.

वर दगडी फरशी बसवली, पुढे चार बोटं आलेली, खालच्या कडेला पाणी ठिबकायची खाच मारलेली. शॉब्डन बघितल्यावर हे सोडणं शक्यच नव्हतं.

५ ऑक्टोबर

चुना धरला. टेकू काढला.

खर्च: दोन ठोकळे १०५, छिन्न्या आणि ठोकणा ११४, मास्क आणि चष्मा ३८, चुना, वाळू, फरशी ५२. एकूण ३०९ पौंड. पहिल्या ठोकळ्याचे ४५ आणि त्यावरचा जवळपास सगळा मे महिना गेला. थरांची दिशा आधी बघितली असती तर दोन्ही वाचलं असतं. त्या ठोकळ्याचे तुकडे टाकलेले नाहीत. तुटलेल्या सपाट बाजूवर आता खाचा आणि गोलाईचा सराव करते.

पुढचा दगड सारंगी वाजवणाऱ्याचा घ्यायचा विचार आहे, तसाही एक कॉर्बेल किल्पेकला आहे. वाद्याची मान बारीक आहे, म्हणून थर कुठल्या बाजूला येतात ते खाणीत उभं राहूनच बघणार, आणि दगड भिजवून सुकेपर्यंत पैसे देणार नाही.